ओवाळणीत टाकलेलं जहाज

चूक माझी होती आणि ती नकळत झालेली नव्हती. मागच्या नाही, त्याच्या आदल्या भाऊबीजेला मी अकोल्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या ओवाळणीच्या ताटात एक पाकीट टाकलं. पाकिटावर जहाजाचं चित्र होतं. आत पुढच्या समुद्रसफरीसाठी जहाजावरच भरलेल्या ठेवीचा कागद होता. ती ठेव माझ्या आणि माझ्या बायकोच्या नावावर होती. त्यातलं नाव बदलत नाही, हे मला माहीत होतं. ठेव म्हणजे तिकीट नव्हे, हेही माहीत होतं. तरी सगळ्यांदेखत मी म्हणालो, "ताई, पुढच्या खेपेले जहाजावर तू."

या एका वाक्यावर विसंबून माझी बहीण जवळजवळ वर्षभर गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलत राहिली. ती का ढकलते आहे ते मला ठाऊक होतं, आणि मी गप्प होतो. आज तिचा उजवा पाय पूर्ण सरळ होत नाही. लिहायचं ते एवढ्यासाठीच.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्या वर्षी पावसाळा संपल्यावर बायको आणि मी मुंबईहून जहाजावर गेलो होतो. गोवा, लक्षद्वीप आणि परत. अमरावतीत आमच्या गल्लीतून तोवर कोणी जहाजावर गेलेलं नव्हतं. जाण्याआधी शेजारपाजारच्यांनी आम्हाला उलट्यांच्या गोळ्यांपासून लोणच्यापर्यंत सगळं आणून दिलं होतं. मला त्या कौतुकाची चटक लागली. पुढे जे घडलं त्याचं मूळ तिथे आहे, असं आता वाटतं.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या हॉलबाहेरच्या टेबलापुढे रांग लागली होती. रोज तिथे एखाददुसरा माणूस उभा दिसायचा. त्या दिवशी गर्दी झाली, कारण सवलत जहाजावर असेपर्यंतच होती. मुंबईच्या धक्क्याला उतरलं की संपली. पुढच्या सफरीसाठी आज थोडी ठेव भरायची. तारीख नंतर सवडीने ठरवायची, बाकीचं भाडं तेव्हा भरायचं आणि त्यातून ही ठेव वजा करून घ्यायची. बदल्यात आजच जहाजावर खर्चायला काही रक्कम आपल्या कार्डावर जमा व्हायची.

टेबलामागे पांढऱ्या गणवेशातल्या एक बाई होत्या. सही करायच्या आधी त्यांनी पेन हातात धरून ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, दो बातें ध्यान में रखिए. नाम नहीं बदलेगा, और पैसा वापस नहीं मिलेगा." मी मान हलवेपर्यंत त्यांनी पेन दिलं नाही.

मला मनातून हसू आलं. मी वीज कंपनीच्या कचेरीत नोकरी करतो. मीटरवरची नावं बदलणं हे माझं रोजचं काम आहे. बाप गेला, मुलाचं नाव लावा. घर विकलं, घेणाऱ्याचं लावा. भाऊ वेगळे झाले, दोन मीटर करा. "नाव बदलत नाही" हे वाक्य मी स्वतः खिडकीतून किती लोकांना ऐकवलं असेल. त्याच लोकांना चार फेऱ्यांनंतर नाव बदलूनही दिलं आहे. नियम ही पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट असते, अशी माझी समजूत होती. समुद्रावरच्या बाईही माझ्यासारख्याच खिडकीत बसल्या आहेत, असं मी धरून चाललो.

"परत यायचं ना मंग?" मी बायकोला विचारलं.

"तुमी नेलं तर येईन ना," ती म्हणाली. लाजली होती. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी तिला लाजलेलं पाहिलं, म्हणून सही केली.

कार्डावर जमा झालेली रक्कम आम्ही त्याच संध्याकाळी खर्च केली. जहाजातल्या गोल जिन्यावर उभं राहून फोटो काढला, तो चौकटीत बसवून घेतला. पांढरी चादर घातलेल्या टेबलावर जेवलो. म्हणजे ठेवीचा जो फायदा व्हायचा होता तो त्या संध्याकाळीच संपला होता. उरला होता तो कागद, आणि त्यावरची आमची दोघांची नावं.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिच्या सासरची फुलांची शेती आणि अकोल्यात फुलांचं दुकान. कॉलेजची वर्षं मी तिच्याकडे राहून काढली. पहाटे फुलांच्या पाट्या उतरवून घ्यायच्या, मग पुस्तकं घेऊन निघायचं. बहिणीच्या सासरी भाऊ राहतो म्हणून कोणी काही बोललं की ती म्हणायची, "थो माहा भाऊ हाय, भाडेकरू नाई." भाऊजी गेले त्या वर्षी दिवाळी झाली नाही. त्यानंतरची ही पहिली भाऊबीज होती.

भाऊबीजेला बायको तिच्या भावांकडे अंजनगावला जाते, मी अकोल्याला. दरवर्षीचंच. त्या दिवशीही तसंच झालं. घरात ताई, तिचा लग्न झालेला मुलगा, सून आणि तेल्हाऱ्याचा आमचा चुलत भाऊ होता. त्याचं तिथे बी-बियाण्याचं दुकान आहे. बोलण्यात त्याच्या तोंडी कोणी लागत नाही. आधी तो पाटावर बसला. ताईने ओवाळलं. त्याने ताटात चांदीचा पेला टाकला. सूनबाईने तो उचलून सगळ्यांना दाखवला.

मग मी बसलो. माझ्या खिशात दरवर्षीसारखं नोटांचं पाकीट होतं. पेल्यापुढे ते मला एकदम किरकोळ वाटायला लागलं. तेवढ्यात चुलत भाऊ म्हणाला, "आता जहाजवाले साहेब काय टाकतेत पाहू. नारळ टाकशीन गा, का शिशीत समुद्राचं पाणी भरून आणलं?"

सगळे हसले. ताईही हसली. माझी पिशवी पाटाशेजारीच होती. फोटो दाखवायचा म्हणून आणलेल्या सामानात ते जहाजाचं पाकीट होतं. मी हात लांबवला, ते काढलं आणि ताटात टाकलं.

"हे काय गा?"

"जहाज."

"कोनाचं?"

"तुहं. पुढच्या खेपेले जहाजावर तू."

चुलत भाऊ "बाप्पा!" म्हणाला आणि गप्प बसला. तो गप्प बसला याचा मला त्या क्षणी किती आनंद झाला, ते सांगायला लाज वाटते. ताईच्या हातातलं ताट हललं. निरांजनाची वात पाकिटाला लागेल म्हणून सुनेने ताट खालून धरलं.

"मी?" ताई म्हणाली. "अन् तुही बायको?"

"थे गेली ना एक खेप. थेच म्हणे, आता ताईले न्या."

हे दुसरं खोटं. बायको तेव्हा अंजनगावला भावांना ओवाळत होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आमच्याकडे ताटात पडलेलं भावाने परत उचलायचं नसतं. ताईने पाकिटाला हळदकुंकू लावलं आणि देवघरात ठेवलं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी जहाज कंपनीला फोन लावला. नाव बदलता येणार नाही, पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला. ज्या दोघांची नावं आहेत त्या दोघांनी प्रवास करायचा, नाहीतर ठेव बुडते. मी म्हटलं, अर्ज कुठे करायचा? तो म्हणाला, अर्ज नसतोच. मी विश्वास ठेवला नाही. कोर्टाबाहेर जाऊन स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं, की सदर ठेवीवर माझ्या पत्नीऐवजी माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव लावण्यास आमची हरकत नाही. आमच्या कचेरीत असा कागद चालतो. बायकोच्या सहीच्या जागी मीच सही केली. त्याचा फोटो काढून पाठवला. दोन ओळींचं उत्तर आलं. नियम तोच, आणि शुभेच्छा.

इथे कोणीही विचारेल, की मग ताईसाठी नवीन तिकीट का काढलं नाही? काढता आलं असतं. मुलीच्या शिक्षणाचा हप्ता चालू होता, भविष्य निर्वाह निधीतून उचल घ्यावी लागली असती, पण आलं असतं. मात्र त्यासाठी घरात सांगावं लागलं असतं. मला तेवढंच करायचं नव्हतं. पैशाची अडचण मी स्वतःला सांगायला ठेवली होती.

थंडीत ताईच्या उजव्या गुडघ्याने त्रास द्यायला सुरुवात केली. वाटी घासली आहे, बदलावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. भाच्याने फोन केला.

"मामा, आई म्हणते जहाजावरून आल्यावर करीन. ऑपरेशन झालं की डॉक्टर चारसहा महिने कुठी जाऊ देणार नाईत म्हणे. जहाज कधीचं हाय?"

ही वेळ होती. कचेरीतून बाहेर येऊन मी निंबाच्या झाडाखाली उभा होतो. खिडकीपुढची रांग तिथून दिसत होती.

"पुढच्या महिन्यात बहुतेक," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात मी म्हटलं, तारखा भरल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात म्हटलं, मुलीची परीक्षा आहे, ती होऊ दे. दर वेळी भाचा "बरं" म्हणायचा आणि डॉक्टरांना तसं कळवायचा.

होळीनंतर मी अकोल्याला गेलो. कागदच परत आणायचा, म्हणजे विषय हळूहळू संपेल, असं माझं ठरलं होतं. ताई ओसरीतल्या झोपाळ्यावर बसली होती. पायाने जमीन रेटत जोरात झोके घेत होती. गुडघ्याला गरम पट्टा बांधला होता.

"हे काय लावलं?" मी विचारलं.

"सराव," ती म्हणाली. "दुकानावर एक मास्तरीनबाई येते, थे सांगे, जहाज डुलते अन् लोक ओकतेत. म्हटलं, आपन आधीच डुलून घेऊ. रोज बसतो मी. पयले चक्कर ये, आता नाई येत. पाह्य!" आणि तिने मला दाखवायला आणखी जोरात झोका घेतला. पाय रेटताना तिच्या चेहऱ्यावरून कळ गेली ती मी पाहिली.

"ताई, थो कागद दे जरा. मुंबईले पाठवा लागते."

तिने झोका थांबवला. "ओवाळणी परत नेतेत का गा?"

"परत नाई नेऊन राहिलो. फक्त पाठवायचा हाय."

"मंग फोटो काढून पाठव. आता सारं फोटोवरच चालते ना? देवघरातून मी थे हालवनार नाई. दर शुक्रवारी कुंकू लावतो त्याले." मग हसून म्हणाली, "काहून, पस्तावा झाला का तुले?"

मी म्हणालो, "काहीच्या काही बोलू नको." देवघरात जाऊन मी खरंच फोटो काढला. हळदीचे ठिपके जहाजाच्या खिडक्यांवर पडले होते. फोटो काढून झाल्यावरही मी तिथे जरा वेळ उभा राहिलो. उचलून खिशात टाकावं असं मनात आलं होतं. ओसरीतून झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज परत सुरू झाला, आणि मी बाहेर आलो.

एप्रिलच्या शेवटी ताईने माझ्या बायकोला फोन केला. रविवार होता, मी समोरच पेपर वाचत होतो. बायकोने पोळ्या लाटता लाटता फोन आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला.

"कधीचं म्हणीन म्हणीन करून राहिली होती," ताईचा आवाज आला. "भावासमोर बोलाले लाज वाटते. तू तुही जागा मले देल्ली, व माय. सख्खी बहीण नाई देत. मी इसरनार नाई."

बायकोचं लाटणं थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर खाली ठेवला नाही.

"कोनती जागा, ताई?" असं ती विचारू शकली असती. तिने विचारलं नाही. "असू द्या ताई, त्यात काय," एवढंच म्हणाली. मग गुडघ्याचं विचारलं, नातवाचं विचारलं, फोन ठेवला. तव्यावरची पोळी जळली होती. तिने ती बाजूला टाकली आणि गॅस बंद केला.

"काय देलं मी ताईंना?"

मी सांगितलं. प्रतिज्ञापत्रावरच्या सहीसकट सगळं सांगितलं. ती खाली बसली.

"माह्या नावाचं तुमी ताईंच्या ताटात टाकलं, अन् माह्या तोंडून हो पन म्हनून घेतलं," ती म्हणाली. "जागा मागतली असती तर देल्ली असती मी. खरंच देल्ली असती. पन मले विचारलंच नाई तुमी. अन् आता त्या माहे उपकार मानून राहिल्या. मी थे कसे पचवू?"

"सांगतो मी ताईले."

"कधी?"

"या महिन्यात."

"भाच्याले असंच सांगता ना तुमी? पुढच्या महिन्यात?"

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. ताईचा फोन आला की मोबाइल माझ्या हातात द्यायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. जिन्यावरचा फोटो तिने भिंतीवरून काढून कपाटात उलटा ठेवला.

मी सांगितलं नाही. पावसाळ्यात जहाज बंद असतं, हे खरं होतं. ते मी भाच्याला फोनवर सांगितलं तेव्हा कितीतरी महिन्यांनी खरं बोलायला मिळालं म्हणून मला हलकं वाटलं. माणूस कुठवर उतरतो ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

गणपती झाले. फुलवाल्यांचे ते धावपळीचे दिवस. नंतर भाच्याचा फोन आला. या वेळी त्याने जहाजाचं विचारलं नाही.

"मामा, तुमी या. आईचा उजवा पाय वाकडाच राहते आता. सरळ होत नाई. सारा भार डाव्यावर देते, तर थोही गुडघा सुजला. डॉक्टर म्हणे, आता करा, नाईतर मी केलं तरी चालनं पयल्यासारखं होनार नाई. आई एकच म्हणते, भावानं जहाज देलं हाय, थे पाह्यल्याबिगर मी पलंगावर झोपनार नाई. तुमचंच ऐकीन थे."

मी बायकोला म्हणालो, अकोल्याला जातो. तिने डबा भरून दिला. दारात म्हणाली, "या खेपेले सांगूनच या. नाईतर मी सांगीन."

अमरावती ते अकोला बसमध्ये मी सबंध वेळ वाक्यं जुळवत होतो. मूर्तिजापूर आलं, गेलं. 'नियम बदलला', 'कंपनीने फसवलं', 'ते जहाजच बंद झालं.' तिन्ही वाक्यांवर तिचा विश्वास बसला असता. कंपनीला दोन शिव्या देऊन ती ऑपरेशनला तयार झाली असती, पाय वाचला असता आणि माझंही भागलं असतं. हे मी खरोखर ठरवत आणलं होतं.

ताई ओसरीतच होती. झोपाळ्यावर बसली होती, पण झोका घेत नव्हती. उजवा पाय स्टुलावर ठेवला होता, गुडघ्याखाली उशी. मी जवळ गेलो तसा भाचा उठला. "आता मामाच सांगतीन तुले," असं तिला म्हणून तो दुकानावर निघून गेला.

"तुले बलावलं का यानं?" ताई म्हणाली. "मी त्याले सांगतलं, दिवाळीनंतर जहाज सुरू होते ना, थे करून येतो अन् मंग काप म्हणा काय कापाचं थे. दिवाळी का दूर हाय? पायाचं काय, मी काठी घेईन. जहाजावर काठी चालते ना गा?"

काठीचा तो प्रश्न ऐकला आणि बसमध्ये जुळवलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं.

"ताई, तुले जहाजावर जाता येत नाई."

"काठीनं?"

"काठीनं नाई. थे तुह्या नावाचं नाई. आमच्या दोघांच्या नावाचं हाय. नाव बदलत नाई. अन् थे तिकीट पन नाई. पुढं कधी जायचं तर त्यासाठी भरलेले पैसे. बाकीचं भाडं नंतर भरा लागते."

लग्नाच्या हारांचा बयाणा, म्हणजे आगाऊ पैसे, ती आयुष्यभर घेत आली होती, त्यामुळे तिला आणखी समजवावं लागलं नाही.

"म्हंजे बयाणा," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या नावचा बयाणा टाकला तू माह्या ताटात."

"हो."

"तुले कधी मालूम झालं?"

हाच प्रश्न येईल याची मला बसमध्ये भीती होती. दिवाळीनंतर फोन केला तेव्हा, असं उत्तर तयार होतं. अर्धं खरंही होतं.

"टाकतानाच मालूम होतं."

"अन् तुही बायको म्हणे, ताईले न्या?"

"थे पन मीच बनवलं. तिले उन्हाळ्यात कळलं, तुह्या फोननं."

तिने स्टुलावरचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मी हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. ती परत बसली. झोपाळा जरासा हलला, तसा तिने डाव्या पायाने तो थांबवला.

"सारं मार्केट मले जहाजवाली म्हणते," ती म्हणाली. "हारवाल्या पोट्ट्या म्हणतेत, काकू, आमच्यासाठी शिंपले आणजा. मी हो म्हणतो. वर्षभर हो म्हणून राहिली मी." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पाटावरून उतरल्यावर सांगतलं असतं ना, की ताई, तोंडातून निघून गेलं, तर मी हसली असती रे. तेल्हाऱ्याच्याले दोन शिव्या देल्या असत्या अन् हसली असती."

"मी नवीन तिकीट काढतो. ऑपरेशन होऊ दे, चालाले लागली की..."

"नको," ती म्हणाली. "तू आता माह्या ताटात काही टाकू नको."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"इथी नको. इथी कोनी नाई. तू एकट्यात नव्हतं टाकलं थे. भाऊबीजेले ये. सारे असतीन. तवा सांगजो."

मग तिने मुलाला फोन लावला आणि माझ्यादेखत म्हणाली, "डॉक्टरले सांग, तारीख दे म्हणा." का तयार झाली, ते तिने त्याला सांगितलं नाही. संध्याकाळच्या बसने मी परत आलो. डब्यातलं तसंच होतं. बायकोने डबा उघडून पाहिला आणि काही न विचारता मला वाढलं.

ऑपरेशन दिवाळीच्या आधी झालं. दोनदा मी दवाखान्यात गेलो, दोन्ही वेळा ती झोपलेली होती, किंवा झोपल्यासारखी पडून होती. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, आखडलेल्या शिरा पूर्ण सैल होतीलच असं नाही. व्यायाम करत राहा. भाचा मला म्हणाला, "बरं झालं मामा, तुमी समजावलं." मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

भाऊबीजेला सकाळी बायको अंजनगावच्या बसमध्ये बसली. चढताना म्हणाली, "माहंही सांगजा. मी जागा देल्ली नव्हती, थे."

अकोल्याला सगळे तेच होते. ताईला उभं राहवत नव्हतं म्हणून ती खुर्चीवर बसली होती, वॉकर शेजारी. पाट खाली नको म्हणून भाच्याने चौरंग आणला होता. आधी तेल्हाऱ्याचा बसला, त्याने साडी टाकली. मग मी. चौरंगावर बसलो तेव्हा ताई आणि मी समोरासमोर, एका उंचीवर आलो. तिच्या मांडीवर ताट होतं. सुपारी, अक्षता, निरांजन, आणि हळदीचे ठिपके पडलेलं ते जहाजाचं पाकीट. तिने ते देवघरातून स्वतः मागवून घेतलं असावं.

"या खेपेले काय, विमान का गा?" चुलत भाऊ म्हणाला.

या वेळी कोणी हसलं नाही, कारण ताई हसली नाही. तिने ताट उचललं, पण ओवाळलं नाही. धरून ठेवलं. हाताला भार होत होता, तरी धरून ठेवलं. भाचा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागला.

भावाने ताटातलं उचलायचं नसतं. मी ते पाकीट उचललं.

सगळ्यांना दिसेल असं ते धरून मी म्हणालो, "ताई, मागच्या भाऊबीजेले मी हे तुह्या ताटात टाकलं. हे तुहं नव्हतं. माह्या अन् माह्या बायकोच्या नावाचं होतं. तिनं जागा देल्ली नव्हती, मी तिले विचारलंच नव्हतं. नाव बदलत नाई हे मले टाकतानाच मालूम होतं. यानं चिडवलं म्हणून मोठेपणासाठी टाकलं. मंग वर्षभर तुह्या पोराले पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात सांगत राह्यलो. तू झोपाळ्यावर बसून सराव करे, थे पाहूनही गप राह्यलो. तुहा पाय माह्यामुळे वाकडा राह्यला. मी साऱ्यासमोर खोटं बोललो, म्हणून साऱ्यासमोर सांगून राहिलो. मले माफ कर, ताई."